पुलाच्या सिग्नलला गाडी कोण चालवत होतं

आत्याने पाकीट टेबलावर टाकलं आणि बसायच्या आधीच म्हणाली, "ह्या वेळी माझ्या नावावर नाही."

"बस तरी, ताई," बाबा म्हणाले.

"बसते. पण नावावर नाही."

गाडी आत्याच्या नावावर आहे. मारिनाल्वा आत्या, बाबांची मोठी बहीण. काका गेल्यावर तिने ती घेतली, आमच्या दारात आणून लावली, आणि स्वतः कधी चालवली नाही. चालवतो बाबा आणि मी. वाहतूक खात्याचा कागद मात्र मालकाच्या घरी जातो, आणि गाडी कोण चालवत होतं हे मालकाने मुदतीत कळवलं नाही, तर दंडाचे पॉइंट मालकाच्याच लायसन्सवर चढतात. आमच्याकडे कुणी कधीच कळवलं नाही. आमच्या रेसिफे शहरात घरोघरी अशी एक आत्या, मावशी नाहीतर आजोबा असतात. लायसन्स आहे, गाडी चालवत नाहीत, सगळ्यांचे पॉइंट पोटात घालतात. ह्यात कुणाला काही वाटत नसे. आत्यालाही नाही.

आता वाटत होतं.

"सिल्विनो म्हणतो, बेटावर ये, पण बसने नको. बसमध्ये तू चिडतेस आणि मग दिवसभर माझ्यावर काढतेस." आत्याने पंखा स्वतःकडे वळवला. सिल्विनो हा काकांनंतरचा तिचा मित्र, बेटावर राहतो. "म्हणून मी गाडी चालवणार आहे. तुमच्या कृपेने लायसन्स काठोकाठ भरलंय. आणखी एक कागद आला की काढून घेतील. मग मी काय पोहत जाऊ?"

"तो येईल की घ्यायला."

"त्याच्याकडे गाढव आहे."

"मग बरं आहे. दोघांचा एकच स्वभाव."

मी कागद वाचला. तारीख आत्याच्या वाढदिवसाची. जागा कालव्यावरच्या पुलाचा सिग्नल. गाडी थांबलेली, चालकाच्या हातात मोबाइल. फोटो नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसलेल्या कुणीतरी पाहिलं आणि नोंदवलं, एवढंच.

"थांबलेली," बाबा म्हणाले. "थांबलेल्या गाडीला कसला दंड? मीही आत्ता थांबलोय. लावा."

"सिग्नलला थांबणं चालवण्यातच धरतात," मी म्हणाले. हे मला पाठ होतं. लेखी परीक्षेत आलं होतं आणि माझं बरोबर आलं होतं.

माझं लायसन्स तात्पुरतं आहे. पहिलं वर्ष असंच असतं. वर्षभरात एक मोठा गुन्हा झाला की कायमचं मिळत नाही, सगळं पहिल्यापासून: वर्ग, डोळ्यांची तपासणी, लेखी, मैदानातली परीक्षा. हातातला मोबाइल मोठ्या गुन्ह्यांत येतो. माझं वर्ष संपत आलं होतं. मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्रीच्या खोलीत काम करते. तिथे दुपारी भिंतीसुद्धा घामेजतात. चादरी पोचवणाऱ्या गाडीचा चालक निवृत्त होतोय, आणि मालकीणबाईंनी मला सांगून ठेवलं होतं: एदिलाने, कायमचं कार्ड दाखव, गाडी तुझी.

म्हणजे प्रश्न साधा होता. पुलाच्या सिग्नलला गाडी कोण चालवत होतं?

"मी," बाबा म्हणाले.

"मी," मी म्हणाले. खरं तर म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

"दोघं मांडीवर मांडी टाकून बसला होतात का?" आत्या म्हणाली.

•

पुन्हा सांगते.

वाढदिवसाचा केक आणायला आम्ही दोघं आफोगादुसला गेलो. पेरूचा गर भरून कागदासारखा पातळ गुंडाळलेला केक, हातभर लांब, पत्र्याच्या तबकात. जाताना बाबा चालवत होते. येताना कालव्याच्या कडेने गाड्या गोगलगायीसारख्या. मध्येच कुठेतरी बाबा म्हणाले, पायात गोळा आलाय, तू घे. आम्ही उतरलो, गाडीला वळसा घातला, जागा बदलल्या, केक एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर गेला. मागच्याने हॉर्न वाजवला.

हे पुलाच्या आधी की नंतर?

मला मांडीवरचं तबक आठवतं, पँटमधून लागणारा गार पत्रा. मला क्लचही आठवतो, डाव्या पायाला आलेल्या मुंग्या. दोन्ही आठवणींत समोर लाल दिवा आहे. दोन्हींत शेंगदाणे विकणारा बाजूने जातोय. सगळ्या सिग्नलला लाल दिवा असतो आणि सगळ्या सिग्नलला शेंगदाणे असतात.

•

पुन्हा. फोनपासून.

आत्या म्हणाली, "फोन काढा दोघं. कुणी कुणाला फोन केला ते त्यात असतं."

बाबांच्या फोनमध्ये त्या वेळात काहीच नव्हतं. ना आलेला, ना केलेला. माझ्या फोनमध्ये आत्याचाच आवाजी निरोप होता. तिने तो सगळ्यांसमोर लावला: "केक आणताय की भाजताय? पाहुणे माझं डोकं खातायत, तेवढ्यावर भागणार नाही."

"हा मी ऐकला होता," मी म्हणाले.

"कुठे?"

"गाडीत."

"कुठल्या जागेवर बसून?"

फोन कानाला लावल्याचं मला आठवत होतं. तबक मांडीवर होतं की पाय क्लचवर, ते नाही. आणि एक गोष्ट जुळत नव्हती. आमच्याकडे सिग्नलला गाडी थांबली की फोन मांडीखाली जातो. मोटारसायकलवाले खिडकीतून हात घालून घेऊन जातात, माझा एकदा गेलाय. काच खाली असताना भर पुलावर मी फोन वर काढेन? आणि त्या दिवशी काच खाली होतीच, कारण गाडीतला एसी बिघडलाय.

"म्हणजे तूच," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. "लाने, मी मुद्दाम नाही गं म्हणत. मी फक्त बघतेय."

"मी होतो म्हटलं ना," बाबा म्हणाले.

"तुझ्या फोनमध्ये काही नाही, जेनिवाल. रिकामा फोन हातात घेऊन काय करत होतास, पंखा?"

बाबा कॉफीचा कप फिरवत राहिले.

•

पुन्हा. खुर्च्या मांडून.

ही आत्याची कल्पना. स्वयंपाकघरात चार खुर्च्या, दोन पुढे, दोन मागे. डावीकडची पुढची, आमच्याकडच्या गाड्यांप्रमाणे, चालकाची. तिच्यावर बाबा. त्यांच्या हातात स्टीअरिंग म्हणून मक्याचं कुसकुस वाफवायच्या भांड्याचं झाकण. शेजारी मी, मांडीवर केक म्हणून पावाची टोपली. आत्या फ्रिजपाशी स्टुलावर, दिव्याच्या खाली, एका हातात टोमॅटो आणि एका हातात हिरवं लिंबू.

"मी सिग्नल," ती म्हणाली.

"सिग्नल बोलत नाहीत, ताई."

"हा बोलतो. लाल." तिने टोमॅटो वर धरला. "आता जे त्या दिवशी केलं ते करा."

मी टोपली धरून बसले. काही आठवायची वाट बघत होते. काही आठवलं नाही. टोपली गार नव्हती.

"हिरवा" असं आत्या म्हणाली नाही. तिने नुसता हात बदलला. लिंबू वर गेलं.

बाबा बसून राहिले.

"अरे चल की," आत्या म्हणाली. "मागे रांग लागली."

तेव्हा बाबांनी झाकण एका हातात धरलं, दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला, आणि चेहऱ्यासमोर उभा धरला. कानाला नाही. डोळ्यांसमोर, हात लांब करून. कॅमेरा लावला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मी वाकून बघितलं. पडद्यावर आत्याची मूठ होती, आणि मुठीत लिंबू.

"हिरवा," बाबा म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

आत्या हसली. मग थांबली. "हे काय?"

"त्या दिवशी हेच केलं. ऊन समोर असलं की दिवे विरघळतात. लाल कुठला, हिरवा कुठला, सगळं ताकासारखं. कॅमेऱ्यात दिसतं."

"तुला टोमॅटो आणि लिंबू ओळखता येत नाही? एवढ्याशा घरात?"

"हातात दिलं तर येईल."

"बाबा, कधीपासून?" मी विचारलं.

"झाले काही महिने. पायात गोळा कुठला यायला? पुढचा चौक मोठा होता म्हणून तुला दिली." ते माझ्याकडे न बघता बोलत होते, किंवा बघत असतील. "पुलाच्या नंतर दिली. पुलाला मीच होतो."

आत्या स्टुलावरून उतरली. टोमॅटो ओट्यावर ठेवला, लिंबू मात्र हातातच राहिलं. "मूर्खा," ती म्हणाली, "पोरीला शेजारी बसवून आंधळ्यासारखा..."

सगळं जुळलं. फोन रिकामा का, हातात का, वर का धरला, सगळं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडा वेळ.

•

पुन्हा. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

कागदावर दोन सह्या लागतात, मालकाची आणि चालकाची. आत्याने सही केली. तिची सही ओळीवरून घसरून खाली गेली, कारण ती रडत होती आणि चष्मा पर्समध्ये होता. मग कागद बाबांपुढे सरकवला. चालक म्हणून त्यांचं नाव मी लिहिलं होतं. जेनिवाल. अक्षर बारीक आलं होतं.

"इथे आडनावात एक अक्षर राहिलंय," बाबा म्हणाले.

राहिलं होतं.

मी ते घातलं. त्यांनी पेन घेतलं आणि टिंबांच्या ओळीवर सही केली, बरोबर ओळीवर, शेवटच्या शेपटीसकट.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. जवळचं दिसत असेल, लांबचं नाही. असं असतं ना? लांबचं जातं आणि जवळचं राहतं. आत्याचं उलटं आहे. पण त्याच सकाळी अंगणातून त्यांनी मला हाक मारून सांगितलं होतं की समोरच्या गच्चीवर दोरीवरून माझा गणवेश पडलाय. आम्ही कपडे वाळत घालतो ती गच्ची रस्त्याच्या पलीकडे आहे. कुणी येऊन सांगितलं असेल त्यांना. शेजारीण असेल.

"बाबा, डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणाले.

"जाऊ की."

"उद्या."

"उद्या तुला काम आहे. कार्ड हातात येऊ दे, मग जाऊ." त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून आत्यासमोर ठेवली. "घे, ताई. बेटावर जा. मला आता नको."

"खरंच नको?" आत्याने विचारलं.

"ज्याला लिंबू दिसत नाही त्याने काय चालवायचं?"

हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. आता नक्की माझ्याकडेच. मला वाटलं ते हसले. दिव्याचा उजेड त्यांच्या मागे होता.

मला विचारायचं होतं, तुम्ही हे आत्ता, खुर्चीत बसल्यावर रचलंत का? माझ्या फोनमधला निरोप ऐकल्यावर? पण विचारलं आणि ते हो म्हणाले, तर तो कागद मला फाडावा लागला असता. नाही म्हणाले असते, तर मी विश्वास ठेवला असता का, हेही कळत नव्हतं. मी कागद पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवलं.

नाटक असेल तर ते आता त्यांना रोज करावं लागणार होतं. नसेल तर मी महिनोन् महिने त्यांच्या शेजारी बसून काहीच पाहिलं नव्हतं. ह्यातलं बरं कुठलं?

•

कार्ड आलं. लाँड्रीची गाडी पांढरी आहे, उंच, मागे चादरींचा वास. डॉक्टरकडची वेळ बाबांनी दोनदा पुढे ढकलली. एकदा पाऊस होता, एकदा फुटबॉल. घरात ते टीव्ही लांबून बघतात आणि गोल झाला की आवाजाच्या आधी ओरडतात, किंवा आवाजाच्या बरोबर. मी लक्ष ठेवते तेव्हा गोलच होत नाही.

परवा मी समुद्राकडच्या हॉटेलात चादरी पोचवून परत येत होते. सिग्नल लाल झाला. पलीकडच्या कडेला बसथांबा होता आणि थांब्यावर बाबा उभे होते. हल्ली ते सगळीकडे बसने जातात.

लांबून एक बस येत होती. नंबर मलाही नीट दिसत नव्हता. बाबांनी हात वर केला. म्हणजे दिसतं. पण शेजारी पिशवी घेतलेली एक बाई होती, तिचे ओठ हलत होते. तिने सांगितलं असेल. बस आली, बाबांनी हात खाली घेतला आणि ती जाऊ दिली. म्हणजे चुकीची होती, आणि जवळ आल्यावर कळलं. किंवा तिने चुकीची सांगितली.

मग त्यांनी मान वळवली आणि थेट माझ्या गाडीकडे बघितलं. गाडीवर लाँड्रीचं नाव हातभर मोठ्या निळ्या अक्षरांत आहे. मी त्यांना घरी दहा वेळा सांगितलंय, कशी आहे, कुठली. मी हात हलवला. ते बघत राहिले. ऊन माझ्या काचेवर होतं, बाहेरून कुणालाच आतलं काही दिसलं नसतं. त्यांनी हात कपाळाशी नेला. सलाम केला की डोळ्यांवर सावली धरली, ते बघायला मी पुढे वाकले, आणि मागच्याने हॉर्न दिला. दिवा बदलला होता. मला निघावं लागलं.