कंगव्याची बारीक बाजू

मास्तर माझ्या खुर्चीत झोपतात. वीस वर्षं झाली. गळ्याभोवती कापड बांधलं, साबण लागला की मान मागे, डोळे बंद, घोरणं सुरू. वस्तऱ्याखाली झोपणारा माणूस आपलं काय सोपवून झोपलाय ते त्याला माहीत नसतं. न्हाव्याला माहीत असतं.

त्या मंगळवारी आरशात मला त्यांच्या कानामागून लाल रेघ उतरताना दिसली. दिसली म्हणतोय. हाताला कळलं नव्हतं. पातं अडलं असेल, कातडी ओढली गेली असेल, बोटांना पत्ताच नाही. जरा खाली घसरलं असतं तर मानेची शीर होती.

तुरटी दाबली. मास्तर जागे झाले. "झोंबलं रे."

"पुटकुळी होती मास्तर. फुटली."

"या वयात पुटकुळ्या? घरी सांगतो, परत वयात आलो म्हणून." आणि पुन्हा झोपले.

शेजारच्या खुर्चीवर माझा धाकटा भाऊ काम करतो. मास्तर गेल्यावर तो म्हणाला, "दादा, पुटकुळी मीही बघितली. बोटभर लांब होती."

"शुगर आहे मला. मुंग्या येणारच."

हेच उत्तर मी वर्षभर स्वतःला देत होतो. पायाला मुंग्या, शुगर. जिभेची आग, शुगर. जिना चढून धाप, वय. आमच्या दुकानात फुकटचा सल्ला केसांइतकाच पडतो. केस मी झाडून टाकतो, सल्ला पोटात घातला. शुगर निघाली तेव्हा एक म्हणाला अंडी सोड, दुसरा म्हणाला दूध सोड, तिसरा म्हणाला मटण-मासे सोड. सोडलं. शुगरची गोळी मात्र आठ वर्षं इमानाने गिळली. ती लिहून देणाऱ्याने आठ वर्षांत एकदा विचारलं नाही, की बाबा रे, खातोस काय. त्याला कागदावरचा आकडा दिसायचा. खुर्चीतला माणूस नाही.

गुरुवारी सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि जमीनच गेली. कपाळ नळावर आपटलं. डोळे मिटले की माझे पाय कुठे आहेत ते मला कळत नव्हतं.

"अहो, सकाळी सकाळी घेतलीत की काय?" बायको हसली. मग मी उठताना दाराची चौकट धरली, तेव्हा हसायची थांबली. दुसऱ्या डॉक्टरकडे तिनेच नेलं.

या डॉक्टरीणबाईंकडे स्टीलचा दोन पायांचा काटा होता. तो ठोकला की थरथरतो. माझे डोळे मिटायला लावून त्यांनी तो घोट्याच्या हाडावर टेकवला.

"थरथर लागते?"

"हो."

"आता?"

"हो."

"आता मी तो ठोकलाच नव्हता."

बायकोने माझ्याकडे बघितलं. एवढं उघडं पडल्यासारखं मला लग्नातही वाटलं नव्हतं.

रक्ताचा कागद आला. "बी-ट्वेल्व्ह," बाई म्हणाल्या. "नसांवरचं आवरण त्यावर टिकतं. ते दूध, अंडी, मांस-मासे यांतून येतं. तुम्ही ते बंद केलंत. वर त्या गोळीने काहींच्या अंगात ते कमी मुरतं. गोळी मनाने सोडू नका, मी बघते. इंजेक्शनं आजपासून."

"हात परत येईल?"

"थोडा येईल. किती, ते उशीर किती झालाय त्यावर."

तेव्हापासून मी खिशात कंगवा ठेवतो. डोळे मिटून बोट फिरवायचं आणि ओळखायचं, बारीक बाजू की मोठी. पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच लागल्या. गुळगुळीत पट्टी.

सहाव्या इंजेक्शनानंतर मास्तर आले आणि सवयीने माझ्या खुर्चीत बसले. कापड बांधलं. मान मागे गेली. धाकट्याने कात्री थांबवली.

"मास्तर," मी म्हणालो, "मागच्या वेळी पुटकुळी नव्हती. वस्तरा लागला होता. माझ्या बोटांना कळत नाही. तुम्ही याच्याकडे बसा."

मास्तरांचा हात कानामागे गेला.

"आणि मी झोपलो होतो," ते म्हणाले. कापड सावरत उठले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

धाकट्याने साबण लावला, वस्तरा उघडला. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. आरशातून ते सारखे माझ्याकडे बघत होते.

मी खिशात हात घातला. डोळे मिटायला भीती वाटली म्हणून पाठ भिंतीला टेकवली आणि मग मिटले. बोट फिरवलं. मोठी, बोट म्हणालं. खात्रीने म्हणालं.

कंगवा बाहेर काढला. बारीक होती.