उजेडबाबाचा डावा डोळा

मार्गासनी गावात उजेडबाबाच्या पत्र्याच्या शेडपुढं त्या मंगळवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. देवाच्या अंगावरचं फूल उजवीकडं पडलं की होय, डावीकडं पडलं की नको, असा कौल घ्यायची गावाची पिढ्यानपिढ्यांची सवय. उजेडबाबानं त्यातलं फूलच काढून टाकलं. "फूल वाऱ्यानं बी पडतं! माज्या देवाचा डोळा सोताच्या तेजानं लागतो!" पितळी मुखवट्याचा उजवा डोळा दिव्यासारखा लागला तर होय, डावा लागला तर नको. तेही हात न लावता! लोकांना पटलं. वारा फूल पाडेल, उजेड थोडाच पाडणार?

रांग सांभाळायला गोरख उभा होता. फुकट राबायचा बिचारा. आषाढात त्याच्या बायकोच्या, सुलक्षणाच्या पोटात कळा उठल्या, तेव्हा भोरच्या दवाखान्यात न्यायचं का, म्हणून त्यानं इथंच कौल घेतला होता. डावा डोळा लागला. गोरखनं अंगारा लावला. आतडं फुटून ती गेली. तेव्हापासून "देवाची मर्जी" म्हणत तो कसाबसा घास गिळायचा. नाहीतर तो उतरलाच नसता.

आज सगुणाबाई सुनेला घेऊन आली होती. सोनियाला आठवा महिना, पाय सुजलेले, डोळ्यांपुढं अंधारी. तिच्या मागोमाग शाळेची पिशवी खांद्याला तशीच अडकवून धावत आली नूतन. ही सुलक्षणाची धाकटी बहीण, भोरच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"मावशी, आधी दवाखाना!"

"कौलाबिगर न्हाई, बाई."

डावा डोळा लागला.

"न्यायची न्हाई!" बाबा गरजला. "डाक्टर कापाकापी करत्यात!"

नूतननं मुखवट्याला हात घातला. गोरख आडवा आला. "नूतन, नगंस. पाया पडतो तुज्या."

"दाजी, सरका!"

मुखवट्यामागं निघाला काडेपेटीएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि दोन दिवे. "हे आमची आठवीतली पोरं मोबाईलवरून चालवतात," म्हणत तिनं बोर्डाला वायर लावून ती लॅपटॉपला जोडली, ब्राउझरमध्ये बोर्डाचा प्रोग्रॅम बदलायचं पान उघडलं. मग तिनं शालीत चाळवणाऱ्या बाबाच्या हाताकडं पाहिलं. "बाबा, आता शालीतला मोबाईल दाबा की!"

बाबा दचकला आणि मोबाईल शालीतून खाली पडला. "ही... ही माया हाय!"

"व्हय, टच स्क्रीनची माया!" मागून कुणीतरी ओरडलं.

नूतननं त्याच पानावरून बाबाचा प्रोग्रॅम पुसला, आपला चढवला. पाटी पुसून नवं लिहावं तसं. मग पडद्यावर दोन बटणं असलेला स्वतःचा मोबाईल सगुणाबाईच्या हातात दिला. "दाबा, मावशी. कुठलंही बटण."

डावं दाबलं, डावा डोळा. उजवं दाबलं, उजवा.

"अगं बया! मंग यात देव कुठं हाय?"

"यात नाही, मावशी. तुमचा प्रश्न याला ऐकूच येत नाही. बोटाला वाटेल ते हा सांगतो."

गोरखनं मोबाईल हिसकून घेतला. "सुलक्षणाला भोरला नेऊ का?" असं पुटपुटत त्यानं उजवं बटण दाबलं. उजवा डोळा लागला. पुन्हा दाबलं. पुन्हा लागला. मग तो मटकन खाली बसला आणि लेकरासारखा हमसून हमसून रडला. नूतनच्या मनात त्याला घालूनपाडून बोलायचं कितीतरी साठलं होतं. पण ती त्याच्याशेजारी बसली. तीही रडली.

गोरखच आधी उठला. "सगुणामावशी, टेम्पोत बसवा तिला. म्या नेतो."

जाता जाता तो गर्दीकडं वळला. "देवाला हात जोडा, लई जोडा. पर दुखणं डाक्टरला इचारा रं. म्या न्हाई इचारलं."