मामंजींची गर्दी

माझ्या सासऱ्यांनी, भिमाजींनी, आयुष्यात तालुक्याचे पुढारी आबासाहेब यांच्या एकाही सभेत पाऊल टाकलं नाही. गावच्या विकास सोसायटीच्या प्रत्येक निवडणुकीत ते आबासाहेबांच्या पॅनलविरुद्ध उभे राहिले आणि दर वेळी मजेत पडले. अशा माणसाला त्याच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरने थेट आबासाहेबांच्या सभेत नेऊन बसवलं. आता चिडायचं नाही तर काय करायचं?

दशक्रिया नेवाशाला प्रवरेच्या घाटावर होती. आमच्याकडे दहाव्याला माइक असतो, आणि माइक असला की पुढारी येतात, त्यांना बोलावणं लागत नाही. आबासाहेबही आले. पिंडाला अजून कावळा शिवायचा होता, तेवढ्यात ते बोलायला उभे राहिले. 'भिमाजी माझे विरोधक नव्हते, मार्गदर्शक होते,' इथून सुरू झाले ते पाटपाण्यावर घसरले, तिथून नव्या रस्त्यावर. कावळासुद्धा लांब झाडावर बसून ऐकत राहिला बिचारा.

दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान भरून मथळा: 'आबासाहेबांच्या सभेला उसळला जनसागर'. खाली घाटावरचा फोटो. पुढच्या रांगेत माझा नवरा हनुमंत, दीर आणि सगळी भावकी, नुकतीच डोकी भादरलेली. त्याखाली छापलं होतं, 'आबासाहेबांच्या विचारांनी भारावलेला युवावर्ग'. माझे एक चुलतदीर फोटोत तोंडाला रुमाल लावून रडत होते. बातमीत लिहिलं होतं की विकासाचा लेखाजोखा ऐकताना अनेकांचे डोळे पाणावले.

गाव पोट धरून हसलं. मीही हसले असते, पण सासूबाई हसत नव्हत्या. रंगुबाई म्हणजे अंत्ययात्रेच्या दिवशीही बाकीच्यांना धीर देणारी बाई. त्या पेपर मांडीवर घेऊन रडत होत्या.

"जित्तेपनी ज्याच्या मांडवात गेले न्हाईत, तिथं मेल्यावर नेऊन बशिवलं व्हय?" त्या म्हणाल्या. "सविता, निवडणुकीत कदी चार मानसं यांच्या बाजूनं हुबी ऱ्हायली न्हाईत. त्या दिशी घाट भरला हुता. तेवढी तर यांची कमाई. ती बी त्यानंच न्यावी?"

मला असा राग आला की हातातलं भांडं तसंच ठेवून मी अजिनाथला फोन लावला. हा त्या पेपरचा आमच्या तालुक्याचा वार्ताहर.

"वहिनी, मी दशक्रियेचीच बातमी पाठवली हुती," तो म्हणाला. "वर नगरच्या हापिसात फिरली ती. पुढच्या आठवड्यात आबासाहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी हाय. तुमी समजून घ्या."

वार्ताहराची चूल पुरवणीच्या जाहिरातींवर पेटते हे मला माहीत आहे, म्हणून त्याला फार बोलले नाही. खुलासा छापा, एवढंच म्हटलं. दोन दिवसांनी खुलासा आला, आतल्या पानावर, कांद्याच्या बाजारभावाखाली. 'आबासाहेबांच्या सभेच्या वृत्तात उपस्थिती पाच हजार असे छापले गेले. ते सात हजार असे वाचावे.'

मग आम्ही नगरला पेपरच्या कार्यालयातच गेलो. पुढे सासूबाई, मागे सगळी गुळगुळीत डोकी. संपादक फारच सज्जन निघाले. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. आम्ही उठताना त्यांनी फोटोग्राफरला बोलावलं आणि आमच्या हाती एक पुष्पगुच्छ दिला, तो लगेच आमच्याकडून परत घेतला. का, ते सकाळी कळलं. 'निर्भीड पत्रकारितेबद्दल नेवासा तालुक्यातील वाचकांकडून संपादकांचे अभिनंदन.' निघताना सासूबाई हात उगारून संपादकांना झाडत होत्या, तो क्षण नेमका टिपला होता. खाली लिहिलं होतं, 'आशीर्वाद देताना ज्येष्ठ वाचक भगिनी'.

सासूबाईंनी तो फोटो शांतपणे पाहिला.

"पेपर त्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "गावातला ष्टँड कुनाच्या बापाचा न्हाई."

माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मी फ्लेक्सही करून देते. मूळ फोटो अजिनाथने गुपचूप मोबाईलवर पाठवला. तेवढी लाज त्याला होती. स्टँडवर अख्ख्या भिंतीएवढा फ्लेक्स लागला. वर मामंजींचा फेट्यातला फोटो, खाली घाटावरची माणसं, आणि सासूबाईंनी सांगितलेला मजकूर: 'ही गर्दी भिमाजींची आहे. कोणी आपली समजून नेली असल्यास परत आणून द्यावी.'

सकाळपासून लोक जमले. जो तो स्वतःला शोधायला लागला. हा मी, ही माझी टोपी, मी खांबामागे झाकलोय. सासूबाई फ्लेक्सजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. सापडला की प्रत्येकाला विचारायच्या, "कुनासाठी आल्तास?"

"भिमाजीसाठी," तो म्हणायचा, आणि त्या मान हलवायच्या.

दुपारी बन्सी शिडी घेऊन आला. आबासाहेबांचे सगळे बोर्ड हाच लावतो आणि विरोधकांचे हाच उतरवतो. मामंजींशी तर याची कायमची जुंपलेली. त्याने शिडी टेकवली तशी सासूबाईंनी काठीने फोटोत एक तोंड दाखवलं.

"बन्सी, हा कोन?"

"मीच की."

"सायबाच्या गाडीतनं आल्तास?"

बन्सीने शिडीवरचा हात काढला. "न्हाई वैनी. त्येंच्या लई आधी आल्तो, मोटारसायकलीवर. भिमाजी गेला, आता भांडू कुनासंगं?"

त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि आला तसा निघून गेला. माझ्या डोळ्यांना धार लागली. सासूबाई मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

अजिनाथ मोबाईल सरसावत पुढे आला. "काकू, झकास बातमी हाय. उद्या पहिल्या पानावर लावतो."

"नको रं बाबा," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता कुठं खरं झालंय."