अर्थिंगला पाणी

तो शेवटचा साधा दिवस होता, आणि त्यातला तासभर बाबांनी माझ्या केटलवर घालवला.

केटल मी इंग्लंडमधल्या लीड्सहून आणली होती. तिच्या प्लगच्या जाड चपट्या पिना बल्लारपूरच्या आमच्या घरातल्या एकाही सॉकेटमध्ये जाईनात. बाबा कागद कारखान्यात बत्तीस वर्षं वायरमन होते. त्यांनी प्लग उलटसुलट करून पाहिला.

"हा उघडत नाई. कापला का वापस जोडता येत नाई," ते म्हणाले. "पंधरा दिवसासाठी अडाप्टर चालते."

मी पक्कड त्यांच्याकडे सरकवली.

"कापू?"

"कापा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पक्कं?"

"कापा ना, बाबा."

स्वयंपाकघरातून आई चहाचं पातेलं दाखवत म्हणाली, "चहासाठी एवढा कारखाना! गंजात नाई उकळत का?"

"तुह्या गंजाले अर्थिंग नाई लागत, सुगंधाबाई."

बाबांनी मोठा, सोळा अँपिअरचा प्लग घेतला. तपकिरी वायर लाइनला, निळी न्यूट्रलला. हिरवी-पिवळी मात्र त्यांनी दोन बोटं जास्त लांब ठेवली. "कोणी वायर ओढलीच, तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे." मग टेस्टचा बल्ब सॉकेटच्या लाइन आणि अर्थिंगमध्ये धरला. तो मंद पेटला. एप्रिल होता, जमीन सुकलेली. बाबांनी अंगणाच्या कोपऱ्यातल्या अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात मगभर पाणी ओतलं, थोडं थांबले, बल्ब पुन्हा धरला. आता लख्ख.

जुना स्क्रूही न टाकणाऱ्या बाबांनी तो कापलेला प्लग मात्र कचऱ्यात टाकला. मी ते पाहिलं. मनातलं उद्या चहा पिताना सांगू, असं ठरवलं.

सकाळी ते त्याच खड्ड्यापाशी पडलेले सापडले. पाण्याचा मग हातात होता. शॉक लागला का, असं लोक अजून विचारतात. नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुपारी अंगणात उभं राहवत नव्हतं, माती भेगाळली होती. पण रोज सकाळी तो खड्डा ओला दिसायचा. मला वाटायचं, आईच ओतते. तिला सवय मोडवत नसेल. मी विचारलं नाही.

काल आईच म्हणाली, "रोज पहाटे कायले उठतं वं पाणी टाकाले? झोपत जा जरा."

"मी नाई टाकत. तूच टाकतेस ना?"

आई माझ्याकडे बघत राहिली. "मी तर त्या कोपऱ्यात पायच ठेवला नाई, तवापासून."

फाटकाला आतून कुलूप असतं.

आज उजाडताना मी अंगणात गेले. खड्डा ओला होता. पाण्याचा मग खिळ्याला पालथा टांगलेला, त्याच्या काठावरून थेंब गळत होते. मी आत येऊन बाबांचा बल्ब काढला आणि ते धरायचे तसा, जपून सॉकेटला धरला.

लख्ख पेटला.

मी केटल लावली. पाणी उकळून तिचा खटका पडला, तसे दोन कप भरले, एक खड्ड्याच्या काठावर ठेवला आणि शेजारी बसले. आई दारात येऊन उभी होती. तरी मी मोठ्यानेच बोलले.

"बाबा, मी तिकडचं सगळं सोडून आली. मले वापस नाई जायचं."