जोडीदाराचे बारा डबे

रेल्वे यार्डात डबे हलवण्या-जोडण्याच्या कामातून निवृत्त झाल्यापासून शंटरकाकांनी जेवणाचं टेबल बळकावलं होतं. त्यावर खेळण्यातल्या मालगाडीचं अख्खं यार्ड मांडलेलं. "जन्मभर यार्डात राहून पोट भरलं नाही, म्हणून आता घरात आणलंत," असं म्हणत काकू ताट मांडीवर घेऊन जेवायच्या.

यंदा काकांनी नवंच खूळ घेतलं. डब्यांचे जुने हुक काढून चुंबकाची कपलिंगं बसवायची. हुक बोटांनी अडकवावे लागत. चुंबकाचं तसं नाही, डब्याला डबा टेकला की झालं. काढलेले हुक ते फेकत नसत. काहींच्या तारेतून सिग्नलचे हात झाले, काही क्रेनला लागले.

चौतीस डब्यांपैकी बारा त्यांच्या यार्डातल्या जोडीदाराचे. दोघं एकाच पाळीत, छंदही दोघांनी मिळून धरलेला. सव्वीस वर्षांपूर्वी खऱ्या डब्यांच्या मध्ये शिरून कपलिंग लावताना जोडीदार चिरडला. चौकशीत ठरलं, मयताचा निष्काळजीपणा.

एका रविवारी सकाळी त्याची मुलगी आली.

"काका, आई गेली मागच्या महिन्यात. घर आवरतेय. बाबांचे डबे न्यायला आले."

तिने एक डबा उचलून उलटा केला. "हुक कुठे गेले?"

"बदलले गं. आता मध्ये बोटं घालावी लागत नाहीत."

"पण ते बाबांनी स्वतः तार वळवून केले होते! माझ्यासमोर!"

काका मटकन खुर्चीत बसले.

"पोरी, त्या दिवशी गाडी हलवायचा झेंडा ड्रायव्हरला मी दाखवला. वाटलं, तो बाहेर आलाय. वाकून बघितलं नाही. आणि चौकशीत सांगितलं, मी दाखवलाच नाही, त्यानंच ड्रायव्हरला हात केला."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनाही हे आजच कळत होतं.

मुलगी रडली नाही. "आई शेवटपर्यंत बाबांना बोल लावायची. म्हणायची, लक्ष ठिकाणावर ठेवलं असतं तर आपल्यावर ही वेळ आली नसती." मग खुर्ची ओढून समोर बसली. "हुक परत लावा."

काकांनी सिग्नल मोडले, क्रेन मोडली. सरळ केलेली तार पकडीने पुन्हा वळवू लागले. तार निसटत होती. एक हुक दोन ठिकाणी तुटलेला. तो डाग देऊन सांधला. दुपार टळली. काकूंनी ठेवलेल्या चहावर साय धरली. मुलगी जागची हलली नाही.

बारावा डबा झाल्यावर तिने पर्समधून कागद काढला. "आता मघाशी बोललात ते लिहून द्या."

त्यांनी लिहिलं, खाली सही केली. तिने डबे घरी नेले आणि तो कागद रेल्वेच्या ऑफिसात पाठवला, उत्तरासाठी पत्ता मात्र काकांचाच घातला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. प्रकरणाची कागदपत्रं मुदत संपल्याने नष्ट केली आहेत, निष्कर्षात बदल करता येणार नाही.

काका ते पत्र घेऊन तिच्या घरी गेले. तिने उंबऱ्यातच वाचलं, घडी घातली आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"तुमच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काका घरी आल्यावर काकूंनी काय झालं ते विचारलं नाही. त्या रविवारपासून त्या काकांना काही विचारतच नव्हत्या.