हिरवा हात

रविवारी मायलेकी बेटाच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. आई निवृत्त नर्स. गेले काही महिने ती या परक्या बेटावर स्वयंसेवक म्हणून दवाखान्यात मलमपट्टी करत होती आणि सुट्टीच्या दिवशी मिळेल त्या बसनं बेट पालथं घालत होती. लेक रजा काढून तिला भेटायला आली होती. किनारा चित्रातल्यासारखा असेल अशी तिची समजूत. प्रत्यक्षात वाळूवर शेवाळ कुजत पडलं होतं, हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात सुटलं होतं आणि त्याच पाण्यात पर्यटक खुशाल डुंबत होते.

"शी! यात पाय तरी बुडवावा का गं?"

"पुढं स्वच्छ आहे. चल. नाक मुरडण्यात अगदी बापावर गेलीस."

झाडाखाली बसून पाव खाताना आईनं सांगून टाकलं, "मी परत यायची नाही. मुदत संपली की इथंच खोली बघणार आहे."

"बाबांना सांगितलंस?"

"तू सांगतेस?"

"मी? मला कशाला मध्ये घालतेस!"

"बरं, भित्रे. उद्या मीच फोन करते. जन्मभर त्या माणसाच्या चहाची वेळ सांभाळली, आता एवढं बोलायला काय झालंय?"

लेकीला नवल वाटलं नाही. आई नुसती समाजसेवेला गेलेली नाही, हे तिला जाताना भरलेल्या बॅगेवरूनच कळलं होतं. पण नातेवाइकांत बाबा ऐटीत म्हणायचे, "मीच पाठवलंय तिला," आणि ती मान डोलवायची.

परतताना दवाखान्याची भिंत लागली. मुदत संपवून निघताना प्रत्येक स्वयंसेवकानं हिरव्या रंगात हात बुडवून तिच्यावर छाप सोडायचा, असा तिथला शिरस्ता होता. आईचं त्याच्याशी कधी जमलं नाही.

"खरूज झालेलं पोर कडेवर घेऊन फोटो काढतात आणि मग कोपरापर्यंत स्पिरिट चोळतात. तोच हात भिंतीवर! माझा नाही हो लागायचा." स्वयंसेवकांची व्यवस्था बघणारी तरुणी शेजारीच उभी होती. तिला मराठी कळत नसे. ती गोड हसली. आईनं तिचं नाव साखरपाक ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी एका म्हातारीच्या पायाला पट्टी बांधता बांधता आई खाली बसली ती उठलीच नाही. घरी फोन करायचा राहून गेला.

दुपारी लेक शवागारात गेली. आईचा हात हातात घ्यावा म्हणून तिनं चादर सारली. तळहाताच्या रेघारेघांत हिरवा रंग होता. नखांत तर थरच बसला होता. कुणीतरी घाईघाईत पुसल्यासारखं केलं होतं.

साखरपाक मागून आली. डोळे रडून लाल. हातात गुंडाळलेला मोठा कागद. ती इंग्रजीत सांगू लागली.

"त्यांचा छाप राहिला असता ना! आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला. बोटं जरा कडक झाली होती, पण आला. तुमच्या वडिलांना फोटो पाठवलाय. त्यांना फार आवडला."

लेकीच्या डोळ्यांपुढं ते सगळं उभं राहिलं: मिटू पाहणारी बोटं, ती उलगडणारे चार-पाच जण, कागदावर दाबून धरलेलं मनगट.

"साबण आणा. आणि टर्पेंटाइन."

ती कापसाच्या बोळ्यानं नख न् नख घासत असताना फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"तो कागद नीट आण हं," बाबा म्हणाले. आवाज भरून आला होता, तरी त्यात ऐट होती. "चुरगळू देऊ नकोस. फ्रेम करून दिवाणखान्यात लावू. खाली लिहू, सेवेतच देह ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. शेवटी पाठवलं मीच ना तिला!"

नेहमीच्या सवयीनं तिची मान डोलली. मग तिला स्वतःच्याच त्या मानेची शिसारी आली. तिनं बोळा खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही पाठवलं नव्हतं."

"म्हणजे?"

"आई तुम्हाला सोडून आली होती. परत येणार नव्हती. आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं."