मोरांच्या रानातलं लाल बी

मांजरी गावात आमची नऊ एकरं व्हती. आता उरलेत दहा गुंठे, तेबी तीन बाजूंनी सोसायट्यांच्या भिंती आन् चौथ्या बाजूला कालवा. बाकीचं विकून मोकळे झालो, उगं साळसूदपणा कशाला दाखवू? पण हे दहा गुंठे मोरांचे. आमच्या मालकांनी, गेनबांनी, तिथं दरसाल जोंधळा पेरला आन् एक कणीस कधी घरी आणलं न्हाई. जाताना मला आन् पोराला जवळ बसवून म्हणाले, "मोर येत्यात तवर ह्याला हात लावायचा न्हाई."

पोरगा मच्छिंद्र कंपनीत हाय, माझ्याजवळच राहतो. एकदा जेवताना बोलून गेला, "आई, आपल्या दहा गुंठ्याचं बिल्डर इचारत व्हता गं." एकदाच बोलला. पण मला तेवढं पुरलं. तवापासून त्याच्याकडं मी सरळ नजरेनं बघितलंच न्हाई.

औंदा पेरणीच्या आधी तो म्हणला, "मार्केट यार्डाकडं चाललोय, नवं बी आणतो." मी म्हणलं, "का? माळ्यावर चार वर्सांची पिशवी अर्धी पडलीय, ती काय लोणचं घालायला ठेवलीय?" तो म्हणला, "जुनं बी उगवायचं न्हाई, आई." आता मला शिकवणार हा! मी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, चार दिवस पाणी शिंपडलं. एक्केचाळीस उगवले. निम्म्याहून कमी, मग दुप्पट पेरायचं, एवढा सोपा हिशोब.

बी दुकानचं, औषध लावलेलं, लालभडक. दोन पाण्यातनं धुतलं, लाल पाणी मोरीतनं वाहून गेलं, म्हणलं झालं. असलं बी जन्मभर पेरलं व्हतं की! पण तवा बैल व्हते, पाभर व्हती. दाणा चार बोटं खाली जायचा, पाखराच्या चोचीला लागायचा न्हाई. आता दहा गुंठ्याला बैल कोण देतंय? मी मूठमूठ फेकलं आन् वरनं दाताळं फिरवलं. जे उगवायचं ते उगवलं. जे उगवलं न्हाई ते तसंच मातीवर पडून राहिलं, आन् माझ्या डोक्यात काय उजेड पडला न्हाई.

आठव्या दिवशी सकाळी सोसायटीतल्या हेमाताईंनी गॅलरीतून हाक मारली, "अहो सोजरबाई, मोर पडलेत बघा. मी वनखात्याला फोन केलाय."

पळत गेले. दोन लांडोरी आन् पिसारा झडलेला एक मोर. मोराची मान अजून हलत व्हती. मी मांडीवर घेतला, तोंडात पाणी सोडलं, ते बाहेरच आलं. माझ्या मांडीवरच गेला. मी मोठ्यानं रडले. मालक गेले तवा एवढी रडले नव्हते, खोटं का सांगू.

वनखात्याचा गार्ड आला, जनावरांचा डॉक्टर आला, कंपनीतनं मच्छिंद्र आला. त्याला बघितलं आन् माझं टाळकंच फिरलं. सगळ्यांसमोर त्याची गचांडी धरली.

"इष घातलंस ना रं? बापाचा शब्द आडवा येत व्हता म्हणून मोरच मारलेस, मुडद्या!"

"आई, काय बोलतीस? मी न्हाई घातलं."

"तूच! बिल्डरचा पैका दिसतोय तुला!"

भिंतीवरनं सोसायटीची माणसं मोबाईल धरून बघत व्हती. गार्डनं वही काढली आन् मच्छिंद्राचं नाव लिहून घेतलं.

तेवढ्यात डॉक्टरनं लांडोरीच्या गळ्याखालची पिशवी चिरली. आत जोंधळा. गच्च भरलेला, गुलाबी. डॉक्टर म्हणला, "हे औषध लावलेलं बियाणं आहे. तपासणीला पाठवू, पण दुसरं काही असेल असं वाटत नाही."

माझा हात पोराच्या गळपट्टीवर तसाच व्हता. तो मला काढता येईना.

"बी कुणी पेरलं?" गार्डनं इचारलं.

मच्छिंद्रानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणला, "मी."

"खोटं सांगतोय त्यो!" मी वरडले. "मी पेरलं. ह्यो नवं आणतो म्हणत व्हता, मीच आणू दिलं न्हाई. त्याचं नाव खोडा, साहेब. माझं लिहा, सोजरबाई गेनबा, आन् अंगठा न्हाई, सही करते मी."

गार्डनं नाव खोडलं. मोर गाडीत घालून नेले. भिंतीवरची माणसं आत गेली. मच्छिंद्र उरलेले दाणे एकेक करून येचायला लागला, मीबी येचायला लागले.

मग तो वर न बघता म्हणला, "केस व्हायची ती होऊ दे, वकील बघू आपण. एक सांग मला. तुला खरंच वाटलं, मी मोरांना इष घालीन?"

रागात तोंडातनं गेलं रं, असं म्हणता आलं असतं. आईचं कोण मनावर घेतंय? पण तिथं, त्या मातीत बसून, मला खोटं बोलवेना.

"वाटलं व्हतं," मी म्हणलं.

त्यानं पुढचा दाणा उचलला. दाणे येचून झाल्यावर मला गाडीवर बसवून घरी आणलं, दारात उतरवलं. "किल्ली हाय ना तुझ्याजवळ?" एवढं इचारलं, आन् आत न येता गाडी वळवून गेला.